ॲलिसचे चुकलेले पाठांतर

बालपणी वाचलेली पुस्तके पन्नाशी उलटल्यावर पुन्हा वाचावीत किंवा नाही, याविषयी रसिकांत दोन मते आहेत. पुन्हा वाचले की जुना आनंद हरपतो, असे काहींचे म्हणणे. तर खरे वाचन दुसऱ्या वेळीच होते, असे इतरांचे. आमच्या मते हा प्रश्न वाचकाच्या वयाचा जितका आहे, तितकाच त्याच्या पेशाचाही आहे. वकिलाने, वैद्याने आणि शिक्षकाने एकच पुस्तक वाचले, तरी तिघांच्या हाती तीन निरनिराळी पुस्तके लागतात. 'ॲलिस इन वंडरलँड' हे जगप्रसिद्ध पुस्तक आम्ही विद्यार्थिदशेत वाचले, तेव्हा ते घाईत असलेल्या सशाचे, हसू मागे ठेवून अदृश्य होणाऱ्या मांजराचे आणि ऊठसूट शिरच्छेदाची आज्ञा देणाऱ्या पत्त्यांतल्या राणीचे पुस्तक होते. तीस वर्षे हाती खडू धरल्यानंतर तेच पुस्तक पुन्हा उघडले, आणि ते पहिल्या प्रकरणापासून चक्क शाळेचे पुस्तक निघाले.

या कथेचा जन्म सर्वश्रुत आहे. ४ जुलै १८६२ रोजी ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयातील गणिताचे अध्यापक चार्ल्स लटविज डॉजसन हे आपले स्नेही डकवर्थ यांच्यासह महाविद्यालयाच्या प्रमुखांच्या, म्हणजे डीन लिडल यांच्या, तीन मुलींना घेऊन थेम्स नदीत नौकाविहाराला गेले. वाटेत मुलींनी गोष्ट मागितली. मधली मुलगी ॲलिस त्या वेळी दहा वर्षांची होती. गोष्टीची नायिका तीच झाली. तिच्याच आग्रहावरून डॉजसन यांनी ती गोष्ट स्वहस्ते लिहून, स्वतः चित्रे काढून, नोव्हेंबर १८६४ मध्ये तिला भेट दिली. पुढे बरीच भर घालून आणि जॉन टेनिएल यांची बेचाळीस चित्रे जोडून १८६५ साली ती 'लुईस कॅरोल' या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. छपाई मनासारखी उतरली नाही, अशी टेनिएल यांनी तक्रार करताच छापून झालेल्या दोन हजार प्रती मागे घेण्यात आल्या. पुस्तकाच्या रूपाविषयीची ही तळमळ पाहून आमच्या मनात पाठ्यपुस्तकांचा विचार आला. पण तो विषय वेगळा.

आता मूळ गोष्टीकडे वळू. ॲलिस सशाच्या बिळात पडते. बीळ इतके खोल की पडता पडता तिला विचार करायला भरपूर सवड मिळते. अशा वेळी ती काय करते? आपण पृथ्वीच्या मध्याजवळ किती मैल खाली आलो असू, याचा हिशेब करते. अक्षांश आणि रेखांश हे शब्द उच्चारून पाहते. त्यांचा अर्थ तिला मुळीच ठाऊक नाही, पण शब्द भारदस्त आहेत. ऐकायला कोणी नाही याची तिला थोडी हळहळ वाटते. तरी उजळणी झालेली बरी, असे ती स्वतःला बजावते. बालपणी हा मजकूर आम्ही भरभर ओलांडून पुढे गेलो होतो, कारण आम्हांला बिळाच्या तळाशी पोहोचण्याची घाई होती. शिक्षकाला मात्र येथेच थांबावे लागते. संकटात सापडलेले मूल आधारासाठी शाळेत शिकलेले चाचपून पाहते, आणि त्याच्या हाती लागतात ते अर्थावाचूनचे शब्द.

पुढे हेच सूत्र अधिक गडद होते. खाली पोहोचल्यावर ॲलिस कधी बोटभर होते, कधी छताला टेकते. आपण कालचीच मुलगी आहोत, की रात्रीतून कोणी दुसरीच झालो, असा तिला संशय येतो. त्याच्या निरसनासाठी ती आरशाचा शोध घेत नाही. स्वतःची परीक्षा घेते. आधी पाढे, मग भूगोल, मग कविता. चार पंचे बारा, चार सक तेरा, असा पाढा चालू होतो. लंडन ही पॅरिसची राजधानी ठरते आणि पॅरिस रोमची. कविता म्हणावयास जाते, तो आवाज घोगरा येतो आणि शब्द भलतेच. तेव्हा ती निष्कर्ष काढते, की आपण ॲलिस नव्हेच. जिला फारसे काही येत नाही आणि जिच्या घरी खेळणीही बेताचीच, ती मेबल आपण असलो पाहिजे. तसे असेल तर वर न जाता येथेच राहिलेले बरे, असेही ती ठरवते.

या प्रसंगात विनोद आहे हे खरे. पण 'जे पाठ येते ते मी, आणि पाठ विसरले तर मी कोणीतरी कमी प्रतीची मुलगी,' हे समीकरण सात वर्षांच्या मुलीच्या मनात कोणी रुजवले? निकालपत्रक हाती घेऊन दाराशी घोटाळणारी मुले आम्ही प्रत्येक वर्षी पाहतो. त्यांच्या चेहऱ्यावर हेच समीकरण लिहिलेले असते.

त्या पाढ्याची एक गंमत येथे सांगितली पाहिजे. डॉजसन गणिती होते, त्यामुळे त्यांच्या चुकाही हिशेबी असतात. आपण दहाच्या पटीत मोजतो. त्याऐवजी अठराच्या पटीत मोजले, तर वीस ही संख्या एक अठरा आणि वर दोन, म्हणजे '१२' अशी लिहावी लागेल. म्हणजे चार पंचे बारा बरोबरच! पुढच्या पायरीला एकवीसच्या पटीत मोजले, तर चोवीस ही संख्या '१३' होते. प्रत्येक पायरीला आधार तीनने वाढवत गेले की पाढा सुरळीत चालतो, तो चार बारे एकोणीसपर्यंत. आणि तेराव्या पायरीला तो कोसळतो, तेथे वीस येतच नाही. या चालीने आपण विसापर्यंत कधीच पोहोचणार नाही, असे ॲलिस सहज बोलून जाते, त्यातले मर्म हे. पावकी, निमकी आणि औटकी घोकलेल्या आमच्या आजोबांच्या पिढीला हे कोडे फार आवडले असते.

पुस्तकातील इतर पात्रेही शाळेच्याच आवारातली वाटू लागतात. अश्रूंच्या तळ्यात भेटलेल्या उंदराला हाक कशी मारावी, हे ॲलिसला कळत नाही. मग भावाच्या लॅटिन व्याकरणात पाहिलेली उंदराची सगळी विभक्तिरूपे ती आठवू लागते. आपल्याकडे ज्यांनी 'राम' शब्द चालवला आहे, त्यांना हा प्रसंग समजावून सांगणे नको. सगळे प्राणी ओलेचिंब होऊन काठावर येतात, तेव्हा तोच उंदीर त्यांना वाळवण्यासाठी इंग्लंडचा इतिहास वाचून दाखवतो, कारण त्याच्या माहितीत त्याहून कोरडे काही नाही. इंग्रजीतला हा श्लेष मराठीत जसाच्या तसा उतरतो. कोरडा इतिहास ही बहुधा सर्व देशांची समाईक मालमत्ता असावी.

मग येते डचेस. तिला प्रत्येक गोष्टीत तात्पर्य दिसते. मोहरी असो, मिरी असो, फ्लेमिंगो पक्षी असो, शोधले की तात्पर्य सापडतेच, हा तिचा सिद्धान्त. आणि तात्पर्य सांगताना ती आपली टोकदार हनुवटी ॲलिसच्या खांद्यात रुतवते. इसापनीतीच्या प्रत्येक गोष्टीखाली ठळक अक्षरांत तात्पर्य छापणाऱ्या आपल्या परंपरेला ही हनुवटी चांगलीच परिचयाची आहे.

आणि समुद्रातली ती शाळा! खोट्या कासवाने तिचे वर्णन हुंदके देत केले आहे. तेथील गणिताच्या चार शाखा म्हणजे महत्त्वाकांक्षा, चित्तविक्षेप, विद्रूपीकरण आणि उपहास. मूळ इंग्रजीत बेरीज-वजाबाकीच्या नावांशी साधलेले हे ध्वनिसाम्य मराठीत येत नाही. पण यादी म्हणून ती इतकी खरी आहे की ध्वनिसाम्याची उणीव भासत नाही. त्या शाळेत पहिल्या दिवशी दहा तास, दुसऱ्या दिवशी नऊ, असे तास रोज कमी होत जातात. मग अकरावा दिवस सुट्टीचा असला पाहिजे, असे ॲलिस तर्काने ताडते आणि लगेच विचारते, की मग बाराव्या दिवशी काय करीत असत? या प्रश्नावर तिचे सोबती विषय बदलतात. वर्गातल्या खऱ्या प्रश्नाला वडीलधाऱ्यांकडून मिळणारे उत्तर पुष्कळदा याच जातीचे असते.

ज्या साली ही गोष्ट नावेत सांगितली गेली, त्याच १८६२ साली इंग्लंडात शाळांच्या अनुदानाची नवी नियमावली अमलात आली. वाचन, लेखन आणि अंकगणित यांत मुले तपासनिसापुढे उत्तीर्ण झाली, तरच शाळेला पैसे, असे तिचे सूत्र होते. लिडल यांच्या मुली घरीच शिकत होत्या, त्यांना या नियमावलीची झळ लागण्याचे कारण नव्हते. पण काळाची हवा ती होती. मुलांना शहाणे करायचे म्हणजे ठरावीक मजकूर त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचा, हा विचार घरी काय आणि शाळेत काय, सारखाच चालू होता. कॅरोलने त्या हवेला टाचणी लावली.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की कॅरोल हा पाठांतराचा शत्रू होता. आम्हीही प्रथम तसेच समजून चाललो होतो; पण पुढे एक पेच पडला, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तो पेच आहे.

ॲलिसच्या तोंडी ज्या वेड्यावाकड्या कविता येतात, त्या हवेतून आलेल्या नाहीत. ती म्हणू पाहते ती आयझॅक वॉट्स यांची उद्योगी मधमाशीवरची कविता. ती १७१५ च्या संग्रहातली. म्हणजे ॲलिसच्या काळी तिला दीडशे वर्षे झाली होती. मधमाशीच्या जागी मगर येते, आणि मधाच्या जागी तिच्या हसऱ्या जबड्यात शिरणारे मासे. सुरवंटापुढे म्हटलेली म्हाताऱ्याची कविता रॉबर्ट सदी यांच्या १७९९ च्या बोधपर रचनेचे विडंबन आहे. १८६५ साली हे वाचून इंग्लंडमधील मुले खदखदून हसली, कारण मूळ कविता त्यांच्या जिभेवर होत्या. त्या नसत्या, तर विनोदच उरला नसता. पाठांतराची टिंगल करणारे हे पुस्तक उभे आहे ते पाठांतराच्याच पायावर. पुढे इंग्रज मुलांच्या ओठांवरून वॉट्स आणि सदी पुसले गेले, तेव्हा हसण्यासाठी टीपांची गरज भासू लागली. मार्टिन गार्डनर यांनी १९६० साली काढलेल्या सटीप आवृत्तीत मूळ कविता द्याव्या लागल्या, त्या याच कारणाने. ज्ञानेश्वरीला टीप लागते हे समजू शकते. थट्टेला टीप लागावी, हे मात्र दुःखद आहे.

अनुवादकांना हे मर्म फार पूर्वीच कळले होते. व्लादिमीर नाबोकोव्ह यांनी १९२३ साली हे पुस्तक रशियनमध्ये नेले, तेव्हा ॲलिसची 'आन्या' केली आणि इंग्रजी कवितांची भाषांतरे करीत न बसता, रशियन मुलांना पाठ असलेल्या पुश्किन-लेर्मोंतोव्ह यांच्या कवितांची विडंबने केली. विजयी विल्यमबरोबर इंग्लंडात आलेला फ्रेंच उंदीर त्यांच्याकडे नेपोलियनच्या माघारीत मागे राहिलेला उंदीर झाला. आपल्याकडे भा. रा. भागवत यांनी 'जाईची नवलकहाणी' या नावाने ही कथा मराठीत आणली आणि ॲलिसला आपल्या अंगणातले नाव दिले. ज्या भाषेत हे पुस्तक जाते, त्या भाषेला ते एकच प्रश्न विचारते: तुमच्या सर्व मुलांना कोणती कविता पाठ आहे?

हा प्रश्न आम्ही गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या सातवीच्या वर्गाला विचारून पाहिला. शाळा सरकारी, बेळगाव भागातली, मराठी माध्यमाची. मोकळ्या तासांना आम्ही ॲलिसची कथा मराठीत सांगत होतो. समुद्रातली शाळा मुलांना अतिशय आवडली. मगरीच्या कवितेशी आलो, मूळ मधमाशीही समजावून दिली, तेव्हा मुले सभ्यपणे हसली. सर सांगत आहेत म्हणजे येथे हसायचे असावे, अशा बेताने. मग वेड्या टोपीवाल्याचे गाणे आले. त्यात लुकलुकणाऱ्या चांदणीच्या जागी वटवाघूळ आहे. आम्ही ती एकच ओळ इंग्रजीतून म्हणायला सुरुवात केली, आणि वटवाघूळ येताच वर्ग कोसळला. जेन टेलर या बाईंची ती १८०६ सालची कविता. तिचा अर्थ आमच्या मुलांना कोणी कधी धड सांगितलेला नाही. पण अंगणवाडीपासून ती त्यांच्या जिभेवर आहे. दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रज बालकविता बेळगावच्या मराठी शाळेत विडंबनाला उपयोगी पडावी, आणि तिच्या तोडीची मराठी कविता चटकन सापडू नये, हे पाहून आम्ही काही क्षण फळ्याकडे तोंड करून उभे राहिलो.

"आता मराठीतली अशी कोणती कविता तुम्हा सगळ्यांना पाठ आहे?" असे विचारल्यावर वर्ग शांत झाला. कोणी राष्ट्रगीत म्हणाले, कोणी रोज प्रार्थनेच्या वेळी म्हटले जाणारे कन्नड नाडगीत म्हणाले. पण या दोहोंची थट्टा करता येत नाही, हे त्यांचे त्यांनाच उमगले. मग मागच्या बाकावरून एका मुलीने चाचरत विचारले, "सर, आरती चालेल का?"

आरती खरोखरच सर्वांना पाठ होती. तिचे विडंबन करण्याची गरजही नव्हती. ते आधीच झालेले आहे. गणपतीच्या कमरेच्या नागबंधाचे वर्णन करणारा तो संस्कृत शब्द पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी सरळ उचलून फळीवर नेऊन ठेवला आहे, आणि संकटात पावणाऱ्या देवाला ती संकष्टीला पावायला लावतात. कॅरोलला हे कळले असते, तर त्याने आमच्या मुलांना मानाचे पान दिले असते. न समजलेला शब्द तोंडात घोळवता घोळवता मूल त्याला आपल्या ओळखीचा आकार देते. ही चूक खरी, पण भाषेशी चाललेली सलगीही हीच. जे पाठच नाही, ते चुकणार तरी कसे?

आमच्या राज्यात सरकारी शाळांत पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी 'नलि-कलि' पद्धत आहे. खेळत खेळत शिका, असा तिचा आशय. ती आम्हांला मनापासून पटते. मुले वर्गात बोलू लागली, भीती कमी झाली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, आणि छडीच्या धाकाने घोकंपट्टी करून घेणारे दिवस परत यावेत, असे आम्हांला स्वप्नातही वाटत नाही. मात्र सर्वत्रच, आणि घरांत तर अधिकच, पाठांतर हा शब्द आता शिवीसारखा वापरला जातो. महाराष्ट्रातल्या मुलाला मराठी कविता रस्त्यावर, नाटकात, दूरदर्शनवर, कोठे ना कोठे भेटते. आमच्या भागातल्या मुलाच्या जिभेवर तीन भाषा नांदतात, ही श्रीमंतीच आहे. पण तिन्हींपैकी मराठीची कविता त्याला घरात आणि शाळेत मिळाली नाही, तर बाहेर मिळण्याची शाश्वती नाही. केशवकुमार म्हणजे आचार्य अत्रे यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले' काढली, तेव्हा ज्यांची थट्टा केली ते कवी वाचकांच्या कानांत होते. थट्टा ही आप्तांचीच होते. भाषेतल्या कोणाशी आप्तपणाच उरला नाही, तर मुले विनोद करणार कोणावर?

त्या दिवशी आम्ही वर्गाला गृहपाठ दिला, की घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीकडून एक मराठी गाणे किंवा कविता पाठ करून या. अर्थ कळला नाही तरी चालेल. सोमवारी जे आले ते आमच्या अपेक्षेबाहेरचे होते. दोघांनी जात्यावरच्या ओव्या आणल्या, एकाने मनाचे श्लोक, एकाने आजोबांची औटकी. पण अकरा मुलींनी हादग्याची गाणी आणली होती. हस्त नक्षत्र तोंडावर आले होते आणि आज्यांना आठवणी काढाव्या लागल्या नव्हत्या. त्यांत त्या वेड्या नवऱ्याचे गाणे होते. बायकोने करंज्या केल्या तर हा त्यांना होड्या समजून पाण्यात सोडतो, लाडू केले तर चेंडू म्हणून खेळायला घेतो. ज्या देशात फ्लेमिंगोची बॅट करून साळिंदराच्या चेंडूने क्रोके खेळतात, त्या देशाचा हा सख्खा रहिवासी! तो आपल्या ओसरीवर शेकडो वर्षे फेर धरून गायला जात होता, आणि आम्ही एम.ए.ला मराठी घेऊनही त्याला इंग्रजी पुस्तकातून ओळखले.

हे गाणे मुळातच असे की त्याला हवी तितकी कडवी जोडावीत. वर्गाने त्या वेड्याला शाळेत आणला. तो खडूला मुळा समजून मिठाला लावून खातो. फळा पुसायच्या डस्टरला उशी समजून झोपतो. चारचा पाढा म्हणतो, तो अर्थातच ॲलिसच्या चालीवर, आणि विसापर्यंत काही पोहोचत नाही. मुलांनी हे एका जुन्या वहीत लिहून काढले असून चाल एका मुलीच्या आजीने येऊन सुधारून दिली. शेवटच्या कडव्यात तो वेडा मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरतो, असे आमच्या कानांवर आले आहे. ते कडवे मात्र वर्गाने आम्हांला अद्याप म्हणून दाखवलेले नाही.